बोर्डाचा बुधवार

चोपड्यात बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान,
वजनकाटे दुरुस्तीचं.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
दांडीत ओतलेलं शिसं,
इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातलं लोहचुंबक,
सगळं याच बोटांनी काढलंय.
आणि मीच मंगळवारी रात्री
केतकीच्या पायांना तीळतेल चोळताना
हळूच म्हणालो,
उद्या डॉक्टरसमोर चालू नकोस हं.

तिने मान हलवली.
सात वर्षांची आहे,
मान सगळ्यालाच हलवते.

शिशुगृहाच्या फायलीवर लाल शाईत होतं, विशेष गरजा.
आम्ही वाचून सही केली.
न वाचता केली असेल असं गल्लीत अजून वाटतं.
तहसीलचा कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला,
"माहीत असून घेतली, मग आता पैसे कशाला मागता?"
मी उत्तर जुळवत राहिलो,
तोवर उज्ज्वला पुढच्या टेबलावर पोचली होती,
हातात दत्तकाचा आदेश,
जुन्या नावाचा दाखला, नव्या नावाचा दाखला,
आणि दोन्ही मुली एकच असल्याचं
स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र.

थेरपी जळगावला, आठवड्यातून दोनदा,
एका वेळचे चारशे.
दोघांचं एसटी भाडं वेगळं.
पट्ट्याचे बूट साडेसहा हजारांचे,
आणि पाय वर्षभरात त्यांच्याबाहेर.
पोर वाढली की आनंद होतो
आणि पाठोपाठ छातीत आकडा वाजतो.

बुधवारी सिव्हिलच्या व्हरांड्यात आमचा नंबर एकशे बारा.
मे महिना. पंखा होता, फिरत नव्हता.
यावलची एक बाई पदराने
पंचवीस वर्षांच्या मुलाला वारा घालत होती.
कुणी कुणाला आजार विचारत नव्हतं,
विचारत होते, मागच्या वेळी किती मिळाले?
आमचे ऐंशी होते.

डॉक्टर पोरगेलासा. थकलेला.
गुडघा वाकवून बघितला, टाच दाबली.
"चालते का?"
"नाही," मी म्हणालो.
चिंच चिकटवताना
बोटाला एवढीही ओल लागत नाही.

शिपायाच्या खुर्चीखाली मांजर व्यायली होती.
तीन पिलं, डोळे न उघडलेली.
केतकीने माझं बोट सोडलं.
एक.
दोन, वाकडं.
तीन.
चौथ्याला हात हवेत,
पाचव्याला ती पिलांपाशी धपकन बसली
आणि हसत माझ्याकडे वळली.
मग तिला आठवलं.
तोंडावर हात ठेवून म्हणाली,
"बाबा, चुकलं."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं नाही.
ते त्याचे उपकार.
पंचावन्न, त्याने लिहिलं.
खिडकीतल्या बाईने कागद उलटून पाहिला,
"यात बसत नाही आता. दुसरं काही आलं तर बघा."
दोन वर्षांची चारशे-चारशेची पावलं
तिने पिनेने टाचून परत दिली.

फोनवर उज्ज्वला गप्प राहिली थोडा वेळ.
मागे पापडाचं लाटणं थांबल्याचं ऐकू आलं.
"पंचावन्न," मी पुन्हा म्हणालो.
"ते आयकं मी. चालनी किती?"
"पाच पावलं."
"मनी पोर शे ती, किराणा नही.
घर या."

विदगावच्या पुलावर केतकी मांडीवर झोपली.
खाली तापी, मधूनमधून पाणी.
तिकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला,
आठवड्यातून दोनदाचं एकदा केलं तर,
दुकानातला जुना तोलकाटा विकला तर,
उज्ज्वलाने आणखी दहा किलो लाटले तर.
कंडक्टरने पेन परत मागितलं.

गुरुवारी दुकान उघडलं.
अडावदचा केळीवाला काटा घेऊन आला,
कमी दाखवतोय म्हणाला.
पारडं उलटं केलं. खाली काही नव्हतं,
नुसती धूळ, मी फुंकली.

केतकी फळीला धरून उभी होती कधीची.
गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली,
मग इकडेतिकडे बघून
अगदी हळू आवाजात विचारलं,
"बाबा, इथे चालू?"